टाइलसोबत प्लास्टरही आलं

छन्नीला फारसा जोर लावावा लागला नाही. स्पाच्या, म्हणजे गरम पाण्याच्या छोट्या हौदाच्या, भिंतीवरची टाइल हातात आली ती मागचं प्लास्टर घेऊनच. उलटी करून पाहिली. टाइल चिकटवायचं केमिकल चारही कोपऱ्यांपर्यंत पोचलेलं, दातेरी थापीच्या रेघा दाबून सपाट झालेल्या, बोट जाईल एवढीही पोकळी नाही. आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात एवढं चोख काम क्वचित दिसतं. बहुतेक ठिकाणी टाइलच्या मागे सिमेंटचे गोळे थापलेले निघतात.

आणि ही टाइल बसवणाऱ्या मिस्त्रीचंच शेवटचं बिल ‘काम बोगस’ म्हणून अडवलेलं होतं.

यावल रस्त्याच्या आतल्या बाजूला, केळीच्या बागेतलं फार्महाऊस. दहा मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव, टोकाला थोडा उंचावर स्पा, आणि मधल्या अरुंद भिंतीवरून स्पाचं पाणी तलावात पडतं. पाणरेषेवरच्या आणि त्या भिंतीवरच्या टाइल्स सुटतात, चिकटवल्या की पुढच्या उन्हाळ्यात परत सुटतात, अशी तक्रार. मालकांना माझ्याकडून फक्त चिकटवून हवं होतं.

मी आधी वाजवून बघतो. थापीच्या दांड्यानं एकेक टाइल ठोकायची. घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटलेली असेल तर बदबद. बदबद वाजली तिथे खडूनं फुली मारत गेलो, तर तलावातल्या सगळ्या फुल्या कोपिंगच्या, म्हणजे तलावाच्या काठावरच्या पट्टीच्या, खाली एका ओळीत आल्या. हाताचं काम कच्चं असतं तर त्या कुठेही विखुरल्या असत्या.

वर पाहिलं. डेकचं, म्हणजे तलावाभोवतीच्या मोकळ्या जागेचं, काँक्रीट थेट कोपिंगला भिडवलेलं, मधल्या फटीत सिमेंट ठासलेलं. तिथे फुगायला जागा सोडायलाच हवी. एका अंशाला मीटरमागे साधारण 10 मायक्रॉन, या हिशेबानं दहा मीटरचं काँक्रीट 30 अंश तापलं की 3 मिलिमीटर वाढतं. मे महिन्यात इथे पारा 45 ला टेकतो आणि उन्हातला डेक त्याहून कितीतरी तापतो. त्यात खाली काळी माती, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. एवढा सगळा रेटा कोपिंगवर येतो आणि खालची टाइलची ओळ सोलली जाते. हा डेक मिस्त्री काम संपवून गेल्यावर ओतला होता, हे मालकांनीच सांगितलं.

स्पाच्या भिंतीचं दुखणं वेगळं होतं. हिवाळ्यात तिच्या एका अंगाला 39 अंशांचं पाणी, दुसऱ्या अंगाला गार तलाव. ती रोज ताणली-आखडली जाणार, हे उघड आहे. तरीही प्लास्टर धरून राहिलं असतं, जर खालच्या काँक्रीटला कुणी टाचे मारून ते खडबडीत केलं असतं. पृष्ठभाग शटरिंगच्या प्लायसारखा गुळगुळीत निघाला. टाचे मारणं हे प्लास्टरवाल्याचं काम आणि ते तपासणं साइट सुपरवायझरचं. टाइल मिस्त्रीला भिंत मिळते ती प्लास्टर झालेली. आत काय आहे ते त्याला कसं दिसणार?

दुरुस्ती मी मुळापासूनच करीन असं सांगितलं, आणि मालक ऐकणारे निघाले. कोपिंग आणि डेकच्या मध्ये कटरनं सलग फट पाडली, तिच्यात फोमची दोरी दाबून वरून पॉलिसल्फाइड, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं सीलंट, भरलं. स्पाच्या भिंतीचं प्लास्टर काढून टाचे मारले, पॉलिमरचं नवं प्लास्टर, त्यावर वॉटरप्रूफिंग. टाइल्स बसवल्या पहाटे आणि दिवस मावळल्यावर. आपल्याकडच्या वाऱ्यात केमिकलवर बघता बघता साय धरते. बोट लावून बघायचं. बोटाला चिकटलं नाही तर तो थर खरवडून फेकायचा, वरून पाणी मारून चालवायचं नाही. टाइल्समधल्या सांध्यांत इपॉक्सी रेझिन भरलं, कारण सिमेंटचं ग्राउट (सांधे भरायचा माल) गरम पाण्यात आणि क्लोरीनमध्ये लवकर झिजतं. त्यात इथला माळी पांढरे डाग घालवायला टाइल्सवर ॲसिड ओतायचा, ते बंद करायला लावलं. पाण्याचा पीएच 7.2 ते 7.6 मध्ये ठेवा म्हणून पंपघरात कागद चिकटवला. इपॉक्सी पुरतं पिकेपर्यंत भिंतीवर गोणपाटांची सावली ठेवली आणि मगच पाणी भरलं.

मिस्त्रीचा नंबर मी मालकांकडूनच घेतला. माणूस धुळ्याकडचा. फोनवर एवढंच म्हणाला, “भाऊ, काम मन्हंच शे, पन टाइल मन्हामुळे नही सुटनी.” त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मला जास्त लागलं. त्या बिलानंतर त्या भागातल्या एकाही ठेकेदारानं त्याला बोलावलेलं नाही.

मालकांना सुटलेल्या टाइल्सचे मागचे फोटो दिले, दोष डेकचा आणि प्लास्टरचा आहे असं सही करून लिहून दिलं. ते म्हणाले, “दादा, पटतंय, पण बिल तर आर्किटेक्टनं कापलं होतं.” आर्किटेक्टना फोन केला, तर फाइल कधीच बंद झाली म्हणे. डेकवाल्याचे आणि प्लास्टरवाल्याचे पैसे मात्र पूर्ण मिळालेत. टाइल सर्वांत वर असते, म्हणून सुटली की आळ तिच्यावर येतो आणि ती बसवणाऱ्यावर. मागे कुणी बघतच नाही.

परवा मालकांना पुन्हा आठवण केली. केळीचा माल गेला की बघतो, म्हणाले. माल गेल्यावर मी परत विचारणार आहे.