आमची वाटचाल: तीस हत्यारांवरून सातवर

खरं सांगायचं तर धंदा करायचा असं काही ठरलंच नव्हतं. मला आणि धाकट्या भावाला प्लॅस्टिकची विमानं, रणगाडे जोडायचं वेड, आणि एकदा १:७२ च्या विमानाची एरियल, म्हणजे जेमतेम टाचणीएवढी काडी, भावाने वायरमनच्या कटरने कापायला घेतली आणि ती जी टक् करून उडाली ती आजपर्यंत सापडलेली नाही. तिथून हत्यारांचा नाद लागला.

सुरुवातीला अक्कल नव्हतीच. एका पुरवठादाराकडून ३० नगांचे डबे उचलले, डबा उघडला की भरगच्च दिसतं ना, पहिली खेप हातोहात गेली. मग फोन सुरू झाले. कुणाच्या निपरचे, म्हणजे प्लॅस्टिकचे पार्ट कापायच्या छोट्या कटरचे, जबडे एकमेकांवर चढतात, कुणाच्या चिमट्याची टोकं जरा दाबली की फाकतात, पिन वाइस, म्हणजे बारीक बिट धरून हाताने भोक पाडायची मूठ, तर अर्ध्या मिमीचं बिट धरायलाच तयार नाही. पुरवठादार म्हणे अहो स्वस्तातल्या मालात इतकं चालायचंच. आम्ही सगळ्यांचे पैसे परत केले आणि त्यानंतर बरेच दिवस घरातलं वातावरण काय होतं ते विचारू नका.

त्यानंतर एकच नियम, जे आपण स्वतः वापरून बघितलं नाही ते विकायचं नाही. तीसचे सात झाले: निपर, सुरी, चिमटा, कानस, पिन वाइस, पोलादी पट्टी, कटिंग मॅट. बास. लोक विचारतात सेट का नाही ठेवत, तर सेटमधली निम्मी हत्यारं कोण हातात घेतं सांगा.

सगळ्यात जास्त वेळ निपरवर जातो. नग आला की मिटून उजेडासमोर धरायचा, टोकाशी उजेडाची रेघ दिसली की बाजूला. मग दोन्ही दांडे आडवे हलवून बघायचे, खिळ्यात ढिलेपणा नको. आणि शेवटी स्प्रूचा, म्हणजे पार्ट ज्याला जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीचा, तुकडा कापायचा. प्लॅस्टिक कापलं न जाता चेपलं, ताणलं गेलं की तिथे पांढरा डाग पडतो, गडद रंगाच्या पार्टवर तर लांबून दिसतो. एका पात्याचा निपर, म्हणजे एका बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला नुसता सपाट टेका, सगळ्यात स्वच्छ कापतो, पण पातं पातळ असतं, जाड स्प्रूला लावलं किंवा कापताना पिळलं की कपचा उडालाच. म्हणून आम्ही सांगतो आधी साध्या निपरने पार्टपासून थोडं लांब कापा आणि उरलेला ठोंब मग याने काढा.

कानशीचं वेगळंच. ती पुढे जाताना कापते, मागे ओढताना दाबून काही उपयोग नाही, उलट दात झिजतात, तरी जवळपास प्रत्येक नवखा करवतीसारखी मागेपुढे घासतो (मीही घासायचो). प्लॅस्टिकने दात भरले की पितळी ब्रश दातांच्या रेघेने फिरवायचा, आणि आधी खडू चोळून घेतला तर भरतच नाहीत फारसे. सुरीबद्दल काय सांगणार, महागड्या मुठीपेक्षा पातं वेळेवर बदला, बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि मग ते घसरून बोटात जातं.

रेझर सॉ, म्हणजे पातळ पात्याची बारीक करवत, अजून ठेवत नाही, मनासारखी मिळालेलीच नाही. चार मागवून बघितल्या, कापताना पातं वाकतंय.

नापास निपरचा मात्र एक खोकाच साठला होता. फेकवत नव्हते म्हणून आता ऑर्डरसोबत फुकट देतो, दांड्यावर चिठ्ठी लावून, 'फक्त तांब्याच्या तारेसाठी'. परवा एकाने त्याच निपरने कापलेल्या पार्टचा फोटो पाठवला, पांढरे डाग का पडतायत म्हणून.