आमची वाटचाल : येरवड्याहून आलेले कारागीर

धायरीत वडिलांनी पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम सुरू केलं, तेव्हा दरवाजे आणि चौकटी एवढंच व्हायचं. मॉड्युलर किचन, ऑफिस फर्निचर माझ्या वेळी आलं आणि नेमके तेव्हाच मिस्त्री मिळेनासे झाले. ओळखीच्या एका परिवीक्षा अधिकारी (गुन्ह्यातून सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकारी) मॅडमनी विचारलं, "येरवड्याहून सुटलेला माणूस चालेल का? सुतारकाम येतं."

मी त्याला ठेवून घेतलं. काम त्याला येतच होतं. येरवडा कारागृहाच्या कारखान्यात सरकारी कचेऱ्यांसाठी लाकडी फर्निचर बनतं. तिथे वर्षानुवर्षं रंधा मारलेल्याचा हात आमच्या पोरांपेक्षा साफ. बाहेर मात्र सगळं प्लाय, सनमायका आणि एजबँडिंग (प्लायच्या कडेला पट्टी चिकटवणं). ते तो महिनाभरात शिकला. अडलं कागदांपाशी. आधारवर जुना पत्ता, मोबाइल नंबर बंद, बँकेत खातं नाही, मग पगार जमा करायचा कुठे? आता नवा माणूस आला की आधी कागदपत्रं, मग पटाशी.

दुसरी भानगड हजेरीची. मुदतीआधी अटींवर सुटलेल्याला ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यात जावं लागतं. त्या दिवसाचा पगार आम्ही कापत नाही. त्यात माझाही स्वार्थ आहे: खाडा नको म्हणून त्याने हजेरी चुकवली, तर तो परत आत आणि माझी ऑर्डर अर्धवट.

एमआयडीसीतल्या कंपन्या साइटवर येणाऱ्या प्रत्येकाचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. इथे कायद्यातला एक फरक आमच्या धंद्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली न्यायालयाने शिक्षेऐवजी परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडलं, तर कलम १२ नुसार दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. शिक्षा भोगून आलेल्याला हे कलम लागू नाही. आणि हात तयार असतो तो नेमका त्याचाच! म्हणून कटिंग आणि जोडणी हे लोक वर्कशॉपात करतात, कंपनीत फिटिंगला दुसरे जातात. गिऱ्हाइकाने विचारलं तर लपवत नाही. त्यापायी एका बिल्डरचं काम गेलं, गेलं.

सध्या खरी अडचण खोलीची. पगार खात्यात जमा होतो, पण भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यायची म्हटली की घरमालक मागे सरतो. शेडमागे दोन खोल्या बांधायचं ठरवलंय. कर्जाचा अर्ज बँकेत पडून आहे.