डेल्फी ते कोरिकियन गुहा: चढा जरूर, त्याच वाटेने उतरू नका

ग्रीसमधल्या डेल्फीला येणारे बहुतेक जण अपोलो देवाचं देऊळ, त्याच्या वरचं थिएटर आणि म्युझियम बघून संध्याकाळी अथेन्सला परततात. हे सगळं बघाच, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मी लिहितेय ते वर पार्नासोस डोंगरावरच्या कोरिकियन गुहेबद्दल, कारण तिथल्या वाटेची आम्हाला मिळालेली माहिती साफ खोटी निघाली.

मुक्कामाच्या जागी सांगितलं होतं, 'दोन तासांची सोपी वाट, सावलीची.' गाव 600 मीटरच्या आसपास, गुहा 1350 च्या वर. चालायची सवय असलेल्यांनीही तीन तास धरावेत. वाट गावाच्या वरच्या अंगाला, कवी अँगेलोस सिकेलिआनोसच्या घराजवळून सुटते. त्याने आणि त्याची बायको ईव्हा पामरने 1927 मध्ये खालच्या प्राचीन थिएटरात 'प्रोमिथ्यूस' हे प्राचीन नाटक उभं केलं होतं. पुढे लगेच काकी स्काला लागते, कड्यावर नागमोडी चढणारी, प्राचीन काळी कातळात खोदलेली वाट. नाणेघाट चढलेल्यांना ओळखीची वाटेल, पण इथे सावली नावालाही नाही. पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झाल्यात, चुनखडक गुळगुळीत आणि वर बारीक खडी. चढताना बूट धरतात, उतरताना अजिबात नाही.

आणि आम्हाला उतरावंच लागलं. परतीसाठी टॅक्सी साठ युरोंना ठरली होती. गुहेखाली आल्यावर चालकाने थांबण्याचे वेगळे म्हणून एकशेवीस मागितले. आम्ही दिले नाहीत. भर दुपारी काकी स्काला उतरताना वळणावळणावर बूड टेकत आलो, गुडघे अजून ठणकतायत. टॅक्सी करणार असाल तर जाणं, थांबणं, परत येणं असा एकच आकडा कागदावर लिहून घ्या आणि पैसे गावात पोचल्यावर द्या.

तरीही जा. गुहा पाहिल्याशिवाय डेल्फी अर्धंच कळतं. हिवाळ्याचे तीन महिने अपोलो डेल्फीत नसे आणि डेल्फी डायोनिससचं, म्हणजे मद्याच्या आणि उन्मादाच्या देवाचं होई. डेल्फीतच पुजारी असलेला प्राचीन लेखक प्लुटार्क लिहितो की त्या काळात अपोलोचं पीअन हे स्तोत्र बंद होई आणि डायोनिससचं डिथिरँब हे समूहगीत गायलं जाई. ॲरिस्टॉटलच्या मते शोकांतिका निघाली ती डिथिरँब गाताना म्होरके असणाऱ्यांपासून. म्हणजे नाटकाचं मूळ शोधायचं तर खालच्या दगडी बाकांइतकंच या डोंगराकडे बघायला हवं. दर वर्षाआड थायिआदेस म्हणवणाऱ्या बायका थेट अथेन्सहून येऊन डेल्फीच्या बायकांसोबत पार्नासोसवर डायोनिससचा उत्सव करत. एकदा त्या बर्फवादळात अडकल्या, तेव्हा सोडवायला गेलेल्यांचे अंगरखे गोठून लाकडासारखे कडक झाले होते, असं प्लुटार्क सांगतो. इस्किलसच्या 'युमेनिडीस' नाटकात (इ.स.पू. 458) पिथिया, म्हणजे डेल्फीत अपोलोची भविष्यवाणी सांगणारी पुजारीण, पहिल्याच भाषणात या गुहेच्या अप्सरांना वंदन करते. ते भाषण मी तोंडाशी बसून वाचलं आणि अंगावर काटा आला.

तोंडाजवळच्या खडकावर मेंढपाळांचा देव पॅन आणि अप्सरांचा कोरीव लेख आहे, नीट शोधा. आत प्रचंड दालन, छतातून ठिबकणारं पाणी, पायाखाली चिखल. 1970 च्या सुमारास फ्रेंच उत्खननात इथे मेंढ्या-बकऱ्यांच्या घोट्याची वीस हजारांहून जास्त हाडं सापडली, लोकांनी वाहिलेली. इ.स.पू. 480 मध्ये पर्शियन चालून आले तेव्हा बरेच डेल्फीकर पार्नासोसवर चढले आणि चीजवस्तू या गुहेत आणून ठेवली, आणि ही जागा बघितली की ते लगेच पटतं.

पहाटे निघा, ऊन चढायच्या आत काकी स्काला मागे टाका. माणशी तीन लिटर पाणी गावातूनच न्या. पठारावर मेंढपाळांचे कुत्रे अंगावर येतात. पळू नका, कळपाला लांबून वळसा घाला. मोबाईलचा उजेड आत पुरत नाही, हेडलॅम्प हवाच. आणि गुडघे नाजूक असतील तर चढायच्याही भानगडीत पडू नका, शेजारच्या आराखोव्हा गावाच्या बाजूने गाडीने या. कच्चा रस्ता गुहेच्या बराच जवळ येतो.