40 डॉलरचं ग्रिल आणि जून 2008 चा सिलिंडर

जून 2008. माझ्या आयुष्यात या महिन्यात विशेष काहीही घडलेलं नाही. मी तेव्हा जळगावात अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत असेन. तरी गेल्या उन्हाळ्यातले तब्बल पाच आठवडे या महिन्यापायी वाया गेले, आणि अजूनही कुणी 'प्रोपेन' (ग्रिलच्या सिलिंडरमधला गॅस) म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

मूळ भानगड वांग्याची. न्यू जर्सीत आम्ही भाड्याच्या घरात राहतो. स्वयंपाकघरात गॅस नाही, विजेची शेगडी आहे, वर काळी काच. चार वर्षं मी ओव्हनमध्ये वांगी भाजली. भाजली कसली, उकडलीच. साल सुरकुततं, आत मिळमिळीत गर, आणि ज्या वासासाठी एवढा खटाटोप करायचा तो वासच नाही. शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली बामणोदची वांगी ज्याने खाल्लीत, त्याच्या ताटात हे 'भरीत' म्हणून वाढायला मला लाज वाटायची. बरं, इथे वांग्यांना तोटा नाही. ऑगस्टमध्ये शेतावरच्या स्टॉलवर ढीग लागलेले असतात. जाळ तेवढा नव्हता.

नवीन चांगलं गॅस ग्रिल हजार डॉलरच्या घरात जातं. भरतासाठी हजार डॉलर म्हटल्यावर नवरा काही बोलला नाही, नुसतं बघितलं. मग मी फेसबुक मार्केटप्लेसवर बसले. घर बदलताना बरेच जण ग्रिल बरोबर नेत नाहीत, सामानाच्या ट्रकमध्ये सिलिंडर घेतच नाहीत आणि ग्रिलला जागा लागते. शेवटच्या आठवड्यात लोक पाणी सोडतात. मला मिळालं ते वीसेक वर्षांचं, वेबर कंपनीचं 'जेनेसिस' ग्रिल. तीन बर्नर, बटणं पुढे नाहीत तर उजव्या बाजूच्या फळीवर. 40 डॉलर, 'सिलिंडरसकट'. त्या 'सिलिंडरसकट'वर मी खूश झाले होते, हे कबूल करते.

जुनं घेताना मी एवढंच पाहिलं की खालचा डबा शाबूत आहे ना. तो ओतीव अॅल्युमिनियमचा असतो, गंजत नाही. झाकणाला तडा नको आणि खालचा सांगाडा हलवून बघायचा, कारण तो लोखंडी असतो आणि पायाशी सडतो. बाकी बर्नरच्या नळ्या, वरच्या जाळ्या, त्यांच्या मधल्या तिकोनी पट्ट्या, हे सगळं झिजणारंच सामान. जेनेसिस 1985 पासून बाजारात आहे, त्यामुळे जुन्याचेही सुटे भाग मिळतात. फक्त बटणं पुढे की बाजूला, हे बघून मागवा. नळ्यांची लांबी आणि दिशा दोन्ही बदलतात.

साफसफाईवर काय लिहायचं. एक शनिवार-रविवार गेला. झाकण उघडल्यावर आतून काळे पापुद्रे लोंबत होते. नवरा म्हणाला, "रंग निघतोय, भंगार आणलंस." रंग नव्हे, ती जळलेली चरबी होती. झाकणाला आतून मुलामा असतो, त्याचे असे पापुद्रे निघत नाहीत. प्लास्टिकच्या उलथन्याने खरवडलं, गरम पाणी, भांड्यांचा साबण. ओव्हन साफ करायचा फवारा डब्यावर मारू नका, त्यातला कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो. बर्नरचे स्क्रू गंजून बसले होते, रात्रभर तेल सोडून ठेवलं, तरी एकाचं डोकं तुटलंच. नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं, पांढरं, घट्ट, बोळ्यासारखं. हे हसण्यावारी नेऊ नका. नळी तुंबली की गॅस मागे फिरतो आणि बटणांच्या मागे पेटतो. बिडाच्या जाळ्या मात्र चांगल्या होत्या. घासून, पुसून, तेलाचा हात फिरवून तापवल्या, आई नवा तवा तयार करायची तसंच. नळ्या आणि पट्ट्या नव्या घेतल्या. सगळं मिळून 130 डॉलरच्या आसपास.

आता सिलिंडर.

इथे दोन सोयी आहेत. एक म्हणजे आपला सिलिंडर नेऊन भरून आणायचा. दुसरी अदलाबदल: दुकानाबाहेर लोखंडी पिंजरा असतो, रिकामा द्या, भरलेला घ्या. ग्रिलचा सिलिंडर 20 पौंडाचा म्हणतात, पण अदलाबदलीत त्यात साधारण 15 पौंडच गॅस असतो. हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. 20 चं भांडं आणि 15 चा माल? मी ठरवूनच टाकलं, आपण भरूनच आणायचा. सगळ्या गोंधळाचं मूळ या हुशारीत आहे.

पहिल्या दुकानात गेले. हार्डवेअरचं मोठं दुकान, मागे गॅस भरायची पांढरी टाकी. माणूस आला, सिलिंडरच्या वरच्या कड्यावरून त्याने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "एक्स्पायर्ड." एवढंच. वळला आणि आत गेला. मी तिथेच उभी. मला वाटलं आतला गॅस शिळा झाला! गॅस कसा शिळा होईल, तो काय दूध आहे? घरी येऊन चष्मा लावून बघितलं तर कड्यावर ठोकलेलं होतं, 06-08. जून 2008. इथल्या केंद्रीय वाहतूक खात्याचा नियम असा, की बनवल्याच्या तारखेपासून 12 वर्षांनी सिलिंडर तपासून घ्यावा लागतो, नाहीतर कुणी भरायचा नाही. म्हणजे माझ्याची मुदत 2020 मध्येच संपली होती. विकणाऱ्याने तो 'बोनस' म्हणून दिला होता.

रात्री आईला फोनवर सांगितलं. तिला काही नवल वाटलं नाही. "अगं, आपल्याकडेही असतंच की. वरच्या पट्टीवर आतल्या बाजूने ए बी सी डी आणि वर्षाचा आकडा. मी तर उतरवून घेतानाच बघते." खरंच असतं. डी-26 म्हणजे 2026 चे शेवटचे तीन महिने. आयुष्यभर त्या लाल सिलिंडरशेजारी अभ्यास केला आणि मला माहीत नव्हतं. पण आईचा प्रश्न तिथेच संपतो: तारीख गेलेली दिसली तर ती "दुसरा दे" म्हणते. तिचा सिलिंडर कंपनीचा आहे, तिने फक्त अनामत भरलीय. माझा सिलिंडर माझा होता. त्याची तपासणी माझी, त्याची विल्हेवाटही माझी.

शोधाशोध करून दुसरं ठिकाण मिळालं, 25 मिनिटांवर. तपासून मिळेल, पण तपासणारा माणूस फक्त गुरुवारी येतो. ठीक. गुरुवारी मी सिलिंडर मागच्या सीटवर उभा ठेवला, पट्टा बांधला, चारही काचा खाली. आडवा नेऊ नये आणि बंद गाडीत ठेवू नये म्हणतात, म्हणून. पाऊस होता. मागच्या बाजूला बसलेला तो राखाडी पाहुणा आणि भिजणारी मी. पोचले तर माणूस आलेला नाही. का? सुट्टीवर. फोनवर का नाही सांगितलं? काउंटरवरच्या मुलीने खांदे उडवले. "पुढच्या गुरुवारी या." मी काही बोलले नाही, पण गाडीत बसून जे बोलले ते मराठीत होतं म्हणून बरं.

पुढचा गुरुवार. माणूस होता. त्याने सिलिंडर उलटा केला, बुडाच्या कड्यावरचा गंज नखाने उकरला, एक पापुद्रा त्याच्या बोटावर आला. तो माझ्यापुढे धरून म्हणाला, फेल. झडप ठीक, तिकोनी मुठीची, म्हणजे जास्त भरू न देणारी, एप्रिल 2002 नंतर भरायला तीच लागते. अंग ठीक. पण बूड गंजलं. पैसे घेतले नाहीत, एवढेच उपकार. आता याचं करू काय? "टाउनशिपला विचारा."

विचारलं. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, भंगाराच्या यार्डात गेटवरच्या गृहस्थाने लांबूनच हात हलवला. लोखंडात सिलिंडर चालत नाही, त्यात गॅस आहे. तो घातक कचरा. घातक कचऱ्याचा दिवस पुढच्या महिन्यात, शनिवारी सकाळी, लायसन्स आणि घराच्या पत्त्याचं बिल घेऊन या. तोपर्यंत? घरात ठेवू नका, गॅरेजमध्ये ठेवू नका. मग कुठे ठेवू, डोक्यावर? तो परत मागच्या अंगणात आला. ग्रिल चकाचक, नव्या नळ्या बसवलेलं, झाकण बंद, आणि शेजारी तो जून 2008. वांग्यांचा हंगाम सुरू झालेला.

समोरचे आजोबा रोज त्यांच्या पायरीवर बसून हे बघत होते. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, रोज सिलिंडर फिरवायला का नेतेस? मी सगळं रामायण सांगितलं. ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. म्हणाले, पिंजऱ्यात टाक. अदलाबदलीवाले तारीख गेलेला घेतात, गंजकाही घेतात, फुटका नसला म्हणजे झालं. नेऊन तपासतात, रंगवतात, नाहीतर मोडीत काढतात. तो त्यांचा धंदा आहे.

तर पाच आठवड्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं. आणि संताप कशाचा येतो सांगू? तो पिंजरा पहिल्या दुकानाच्या दारातच होता. 'एक्स्पायर्ड' म्हणून तो माणूस आत गेला तेव्हा मी दमून सिलिंडर त्या पिंजऱ्यालाच टेकवून उभी होते. त्याला एवढं म्हणायला काय हरकत होती, की बाई, हा इथे दे आणि दुसरा घे? गुरुवारवालीने नाही सांगितलं, यार्डवाल्याने नाही सांगितलं. नवरा म्हणतो, "तूच आधी अदलाबदल नको म्हणालीस." त्याला या विषयावर बोलायची परवानगी नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेले. आत 25 डॉलर भरले, एक मुलगा किल्ली घेऊन आला आणि त्याने हाताला लागेल तो सिलिंडर काढला. मी म्हटलं, थांब. वाकून कड्यावरची तारीख वाचली. 2014. नको. दुसरा? 2016. नको. त्या पोराने आयुष्यात असं गिऱ्हाईक पाहिलं नसेल. चौथा निघाला 03-21 चा. घेतला. हा हट्ट उगाच नाही: अदलाबदलीत मिळालेला सिलिंडर आता आपला. हा संपला की भरायच्या टाकीवर न्यायचा आणि पूर्ण 20 पौंडाचा भरून घ्यायचा, 2033 च्या मार्चपर्यंत कुणी हरकत घेणार नाही. जुना देताना मात्र मला उगाच वाईट वाटलं. पाच आठवडे बरोबर हिंडला होता.

घरी येऊन जोडला. जोडायच्या आधी पान्हा शोधू नका, मोठी काळी चकती हातानेच आवळायची असते. मग अर्धं पाणी अर्धा साबण ब्रशने सांध्यांवर लावला. बुडबुडे आले तर गळती. आले नाहीत. पेटवलं, आणि ज्योत ही एवढीशी, देवापुढच्या निरांजनासारखी. झाकणावरचा काटा 250 फॅरनहाइटच्या वर जाईना. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी रेग्युलेटर मागवायच्या बेतात असताना कळलं की चूक माझीच. सिलिंडरची मूठ मी एका झटक्यात पूर्ण उघडली होती. मग रेग्युलेटरला वाटतं पाइप फुटला, आणि तो गॅस जेमतेम सोडतो. सगळं बंद केलं, पाइप काढला, मिनिटभर थांबले, परत जोडला. मग बर्नरची बटणं बंद ठेवून मूठ हळू, अगदी हळू उघडली. झाकण उघडं ठेवूनच पेटवलं. 15 मिनिटांत काटा 500 वर.

हो, एक राहिलंच. विकत घेताना पाइपाच्या टोकाला सिलिंडरची चकती आहे ना, हे बघा. काही ग्रिलं घराच्या नैसर्गिक वायूच्या लाइनची असतात. दिसायला सारखीच, पण आतली छिद्रं मोठी. त्याला प्रोपेन जोडायला जाऊ नका. मी अशाच एकासाठी 60 डॉलर द्यायला निघाले होते. आणि जाळ्या घासायला तारेचा ब्रश नको, तार तुटून खाण्यात जाते.

पहिल्या दिवशी चार वांगी ठेवली, मोठा जाळ, झाकण बंद. दहा-बारा मिनिटांनी रस खालच्या पट्ट्यांवर टपकायला लागला, चर्र झालं, आणि झाकणाच्या फटीतून धूर आला. तोच वास. मी नवऱ्याला हाक मारली, तो बाहेर येतोय तेवढ्यात आतून 'फट्' असा आवाज झाला.

व्हिडिओवर आईने तीन वांगी बघितली, मग झाकणाला आतून चिकटलेलं चौथं. "टोचे नाही मारलेस ना?"