एफ वन दाबलं आणि विसरलो

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, तीन कॉम्प्युटर लॅब आणि एक सर्व्हर रूम माझ्या गळ्यात. ही गोष्ट मे महिन्यातली, प्रॅक्टिकल परीक्षा चालू. आदल्या रात्री असलं वादळ आलं की रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या झाल्या आणि आमच्याकडे रात्रभर लाईट नाही. यूपीएसने अर्ध्या तासात मान टाकली (त्याच्या बॅटऱ्या बदला म्हणून मी दोनदा लिहून दिलंय, असो).

सकाळी आठला लाईट आली. आमच्या शिपाई आप्पांनी सर्व्हर चालू केला, स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं, खाली एफ वन दाबा असं होतं, त्यांनी दाबलं. मी साडेआठला पोचलो तर सगळे लाईट हिरवे, म्हटलं चला, सुटलो.

पावणेदहाला लॅब दोनमधून एक पोरगं पळत आलं, सर मॅटलॅब (गणितं आणि आलेख करायचं विकतचं सॉफ्टवेअर) उघडत नाहीये. एकाचं नाही, सगळ्याच्या सगळ्या मशीनवर तेच, लायसन्स मॅनेजर एरर मायनस 88. आता बाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडे प्रत्येक पीसीवर वेगळं लायसन्स नसतं, सर्व्हरवर एक फाईल असते, ती त्या मशीनच्या नेटवर्क कार्डच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे त्या कार्डाच्या ओळख नंबरला बांधलेली, पोराने मॅटलॅब उघडलं की पीसी 27000 नंबरच्या पोर्टवर सर्व्हरला विचारतो एक सीट, म्हणजे एका मशीनपुरती परवानगी, देतो का, तो हो म्हणाला तरच पुढे. सर्व्हर रुसला की अख्खी लॅब रुसली.

एक्स्टर्नल सर, म्हणजे बाहेरचे परीक्षक, धुळ्याहून आलेले, त्यांचे पोहे-चहा उरकलेले. आमचे एचओडी (विभागप्रमुख) सर दारात उभे, काय रे, लायसन्स संपलं का? मी पण तेच धरून बसलो, फाईल उघडून मुदत बघितली तर अजून बरेच महिने बाकी. सर्व्हिस बंद करून चालू केली, फायरवॉल बघितली, केबल काढून लावली, वीस मिनिटं गेली आणि नुसता घाम.

तेवढ्यात एक बरं झालं. दोन वर्षांपूर्वी मी हट्टाने सगळ्या पीसीवर ऑक्टेव्ह टाकून ठेवलं होतं, फुकट आहे आणि मॅटलॅबचा बराचसा कोड जसाच्या तसा चालतो, पण कोणी ढुंकून बघत नव्हतं. एक्स्टर्नल सरांना विचारलं, ते म्हणाले मला उत्तर बघायचंय, सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. कंट्रोल सिस्टीमवाल्या पोरांना सांगितलं, वर फक्त pkg load control एवढी एक ओळ टाका, स्टेप रिस्पॉन्स, बोडे प्लॉट, रूट लोकस सगळं येतं. आलं पण. ज्यांच्या चिठ्ठीत सिम्युलिंक (मॅटलॅबमधलं ठोकळे जोडून मॉडेल करायचं) निघालं ते बिचारे हातावर हात ठेवून बसले, सिम्युलिंक ऑक्टेव्हमध्ये नाही ना.

मग मी तो एरर पहिल्यांदा नीट वाचला. सिस्टीमचं घड्याळ मागे नेलंय असं चक्क लिहिलेलं होतं आणि मी नुसता नंबर बघत बसलो होतो. कोपऱ्यात बघतो तर 1 जानेवारी 2012! डिस्कवरच्या फायली आत्ताच्या आणि घड्याळ 2012 चं, लायसन्सवाल्या सॉफ्टवेअरला वाटलं हे लोक मुदत चुकवायला तारीख मागे नेतायत. चोर ठरवलं आम्हाला. मागून आप्पा म्हणाले, "भाऊ, याना घड्यायना सेल सरी गया व्हई."

बरोब्बर तेच. मदरबोर्डवर सीआर 2032 नावाचा 3 व्होल्टचा सेल असतो, रुपयाच्या नाण्याएवढा, लाईट नसताना घड्याळ तोच चालवतो. आणि खरं सांगू का, मार्चमध्ये ते एफ वनवालं मला पण आलं होतं, मी दाबलं, तारीख सरळ केली आणि विसरलो. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

तारीख नीट केली, सर्व्हिस पुन्हा सुरू, मॅटलॅब उघडलं, सव्वादहाला सगळे कामाला लागले. साडेदहाला परत लाईट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत सर्व्हर बंद, आणि उठला तो परत 2012 मध्ये. आता प्रत्येक वेळी मीच तिथे उभा राहू का? भंगारातल्या पीसीचा सेल काढला तर मल्टीमीटरवर दोन व्होल्ट पण नाही, नवे पीसी वॉरंटीत, सील तोडायची सोय नाही, आणि फुले मार्केटला जाऊन यायचं म्हणजे एक तास.

एचओडी सर म्हणाले कसला सेल आहे तो, दाखव बरं. दाखवला. त्यांनी खिशातून गाडीचा रिमोट काढला, नखाने उघडला, आत तोच! दोन मिनिटांत सेल सर्व्हरमध्ये. दुपारी अजून दोनदा लाईट गेली, तारीख हलली नाही.

संध्याकाळी सर गाडीचं दार किल्लीने उघडत होते, मी तिथूनच चाललो होतो. म्हणाले, "माझा सेल डेडस्टॉकला चढवू नको म्हणजे झालं." डेडस्टॉक म्हणजे कॉलेजच्या मालमत्तेची नोंदवही.

पाच सेलची मागणी मी दुसऱ्याच दिवशी लिहून दिली. स्टोअरवाल्यांनी कोटेशन मागितलंय.