आमची वाटचाल : चाळणीभर कोंड्याची बिअर

जॉर्ज वॉशिंग्टनने १७५७ सालच्या वहीत 'स्मॉल बिअर'ची, म्हणजे कमी अल्कोहोलच्या हलक्या बिअरची, कृती लिहून ठेवली आहे. वही आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे. मोठी चाळणी भरून कोंडा, चवीपुरते हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले), तीन तास उकळायचे, ३० गॅलन गाळून घ्यायचे आणि त्यात ३ गॅलन मोलॅसिस, म्हणजे साखर काढताना उरणारा घट्ट काळा पाक. चाळणी केवढी, ते मात्र लिहिलेले नाही. एका खेपेला एक बॅरल, म्हणजे ३१ गॅलन, बिअर काढणाऱ्या व्हर्जिनियातल्या आमच्या भट्टीची सुरुवातीची सगळी वर्षे त्या चाळणीतच गेली.

धंदा जवळजवळ बुडाला तो मोलॅसिसपायी. घाऊक बाजारात स्वस्त मिळते ते ब्लॅकस्ट्रॅप, म्हणजे आपल्या साखर कारखान्याची मळी. तिच्यात साखर कमी, क्षार फार. बिअर खारट-कडवट झाली. हवी ती काकवीच्या जवळची, गंधक न वापरलेली. तिचे तीनही गॅलन घातले तर आंबण्याआधीच्या रसाची घनता (पाण्याची १ धरून) १.०३८पर्यंत जाते आणि अल्कोहोल पावणेचार टक्क्यांच्या घरात. आम्ही दोनच घालतो, साधारण साडेदहा किलो. अडीच टक्क्यांच्या आसपास थांबते, रंग तरी काळसर तांबूसच.

कोंड्याने दुसरा दणका दिला. मोकळा टाकला, तर थोडा बुडाला लागला आणि उरलेला पंपातून प्लेट कूलरमध्ये, म्हणजे उकळता रस थंड करणाऱ्या यंत्रात, जाऊन गच्च बसला. रस रात्रभर कोमट राहिला, सकाळी आंबूस वास. तेव्हापासून दीड किलो कोंडा मलमलच्या पिशवीत, तळापासून वीतभर वर टांगून. तीन तासांत वाफ बरीच जाते, कोंडाही पाणी पितो, म्हणून सुरुवात ४० गॅलनने. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) नसल्याने कोंड्यातल्या स्टार्चची साखर होत नाही. त्याच्याकडून फक्त दाटपणा मिळतो आणि जास्त झाला तर गढूळपणा. उकळता रस मोलॅसिसवर ओतायचा, उलट नाही. नाहीतर ते तळाशी बसून करपते.

कृतीत यीस्ट 'रक्ताहून किंचित गरम' असताना घालायला सांगितले आहे. आम्ही २० अंशांवर घालतो. ३७ला घातले की वासात उग्रपणा येतो. सातव्या दिवशी बाटलीत भरा म्हणतात, पण घनता मोजणारा हायड्रोमीटर सलग दोन दिवस एकच आकडा दाखवेपर्यंत भरू नका. आत आंबणे चालूच राहिल्याने, गॅसच्या दाबाने आमच्या अकरा बाटल्या फुटल्या आहेत.

शेजारच्या एका भट्टीने पाच टक्क्यांच्या चॉकलेट पोर्टरवर (पोर्टर म्हणजे गडद रंगाची बिअर) वॉशिंग्टनचा चेहरा छापला आणि गर्दी तिकडे वळली. वॉशिंग्टन फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट हेअरची पोर्टर मागवत असे, हे खरे. पण ती ही बिअर नव्हे. वर कायद्याने आमच्या पेयाला 'माल्ट बेव्हरेज' म्हणता येत नाही, कारण बार्लीचा माल्टच नाही. कर भरायचा बिअरचा, लेबलचे नियम मात्र खाद्यपदार्थांचे.

तरी दर गुरुवारी एक निवृत्त शिक्षक रिकाम्या बाटल्या धुऊन आणतात. नव्या बॅचचा पहिला पेला त्यांचा. पेला खिडकीशी धरतात आणि गढूळ दिसला तर नुसती मान हलवतात. मग पुढच्या खेपेला कोंडा पाव किलो कमी.