ढील

उंधियूचं मोठं पातेलं कपाटावर आहे. ते काढायला दुपारी स्टुलावर चढले, तर हाताला आधी विमानाचं शेपूट लागलं. पातेलं राहिलं बाजूला. स्टुलावर उभी राहूनच पदराने विमान पुसत बसले. म्हणजे उभी राहिले.

विमान फोमचं आहे. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वा मीटर, धडाच्या वर बसवलेला, आणि दोन्ही टोकं किंचित वर उचललेली. शिकाऊ विमानाचा पंख असाच असतो. एका अंगावर कललं तरी आपलं आपण सरळ होतं. नाकावर टेपच्या तीन पट्ट्या आहेत. दोन माझ्या, तिसरी दादाची.

भाचा नोकरीला बाहेरगावी गेला आणि विमान माझ्याकडे ठेवून गेला. तोवर दोन हिवाळे दर रविवारी पहाटे आम्ही स्कूटरवरून बडोद्याबाहेर, पादरा गावाच्या बाजूला जायचो, कापणी झालेल्या एका शेतात. विमानतळ पडला हरणीला, गावाच्या दुसऱ्या अंगाला, म्हणून हे शेत. मी मागे, मांडीवर विमान, पाठीवर पिशवी. पिशवीत रिमोट, थर्मास, आणि मातीच्या छोट्या कुंडीत बॅटरी. ही लिथियमची बॅटरी तापट असते. तीन सेल, 11.1 व्होल्ट, चार्ज करताना प्रत्येक सेल 4.2 च्या वर न्यायचा नाही, उडवताना फार खाली उतरवायचा नाही, आणि नुसती ठेवायची असेल तर 3.8 वर ठेवायची. एवढे लाड आमच्याकडे जावयाचेही झाले नाहीत.

आता फिरकीबद्दल सांगायला हवं.

आमचं घर दांडिया बाजारात. गच्चीचा कायदा असा, की पतंग दादा उडवणार आणि फिरकी मी धरणार. का, ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. उत्तरायणाच्या आदल्या रात्री पतंगांना किन्ने, म्हणजे दोऱ्याचे बंध, बांधायचे, सकाळी आईच्या हातचा तिळगूळ तोंडात टाकून वर पळायचं. दादाच्या बोटांना चिकटपट्टी, माझ्या तळव्यांना काही नाही. दिवसभर सूर्याकडे तोंड करून तो, आणि त्याच्या पाठीकडे तोंड करून मी. पतंग मला फारसा दिसायचाच नाही. पण फिरकीच्या दोन्ही दांड्या तळव्यात फिरायच्या आणि त्यावरून सगळं कळायचं. भरभर फिरली, की त्याने ढील दिली. अडकत, दचकत फिरली, की पेच लागला. आणि एकदम हलकी झाली, की गेला. समोरच्या गच्चीवरून ‘काप्यो छे!’ यायच्या आधी मला कळलेलं असायचं. मी मुकाट्याने गुंडाळायला लागायचे आणि दादा माझ्यावर चिडायचा, जणू मीच कापला.

रिमोट हातात आला तेव्हा मी आधी त्याच्यात ती थरथर शोधली. काही नाही. विमान वर वाऱ्याने हेलपाटतंय आणि हातातला डबा टीव्हीच्या रिमोटसारखा थंड. सगळं डोळ्यांनी करायचं. त्यातही विमान लांब जात असेल तोवर डावं ते डावं. वळून आपल्याकडे यायला लागलं, की डाव्याचं उजवं. त्यावर युक्ती आहे: जो पंख खाली जातोय त्याच्या बाजूला स्टिक न्यायची, पडत्या भिंतीला टेकू द्यावा तशी. काळ्या घोड्याच्या सिग्नलला थांबल्या थांबल्या मी मांडीवरच्या विमानावर अंगठ्याने हा टेकू घोकायचे. शेतात गेल्यावर अंगठा विसरायचा. माझी पहिली पट्टी त्याची.

दुसरी वेगळ्या कारणाने. विमान खाली येतंय असं वाटलं, की मी घाबरून स्टिक ओढून धरायची. नाक वर, आणखी वर, मग विमान हवेत थबकायचं आणि दगडासारखं पडायचं. वेगच उरला नाही तर पंख तरी कशावर तोलणार? भाचा ओरडायचा, “आत्या, सोड! ढील दे!” पट्टी लागल्यावर पुढच्या रविवारी अखेर दोन्ही अंगठे उचलले, हात भाजल्यासारखे. विमानाने नाक खाली घातलं, वेग धरला, आणि कुणी न सांगता सरळ झालं. भाचा काही बोलला नाही. थर्मास उघडून त्याने चहा ओतला, फक्त स्वतःसाठी; माझे हात मोकळे कुठे होते.

दादा एकदाच आला. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, कानटोपी. मी दोन घिरट्या मारून दाखवल्या. तिसरीला त्याने हात पुढे केला, “आण इकडे.” आणि मी दिलाही. इतक्या वर्षांचं वळण. जाताना विमान झकास गेलं. वळून यायला लागलं, तेव्हा दादाने नेमका उलटा अंगठा दाबला, आणि ते शेताच्या कडेच्या कडुलिंबात शिरलं. त्या झाडावर गेल्या उत्तरायणाचा मांजा अजून लोंबत होता.

भाचा बांबू शोधायला गेला. बांबू कशाला? पिशवीत सुतळीचं बंडल होतं. मी शेतातला बेताचा दगड उचलला, सुतळीला बांधला आणि लंगर केला. दादा झाडाखाली मान वर करून उभा होता. बंडल त्याच्या हातात दिलं.

“धर,” म्हटलं. “आणि मी फेकला की ढील दे.”